उथळ तलावातल्या पाणवनस्पतींची नोंद कशी करावी, आणि त्यातल्या किती काढाव्यात?

जलतरंग:
नमस्कार. गोड्या पाण्याच्या एका उथळ तलावातल्या वनस्पतींची पद्धतशीर नोंद करायची आहे. क्षेत्रफळ साधारण १२ हेक्टर, सर्वांत खोल जागी ४ मीटर पाणी. सध्याची यादी काठावरून फिरून केलेली आहे: पाणकणीस, लव्हाळे, कमळ, कुमुद, एका कोपऱ्यात थोडी जलपर्णी, आणि पाण्याखालच्या सगळ्या वाढीबद्दल एकच मोघम ओळ. पाणी अजून बऱ्यापैकी नितळ आहे. पण पाण्याखालची वाढ वल्ह्यांना अडकते म्हणून ती सगळी एकाच हंगामात यंत्राने काढावी असा प्रस्ताव पुढे आला आहे.

तीन प्रश्न आहेत. नमुने किती ठिकाणी आणि कशाने घ्यावेत? (होडी, दोर, जीपीएस असलेला फोन एवढं आहे, पाण्यात बुडी मारून पाहणारं कोणी नाही.) सारख्या दिसणाऱ्या जाती जागेवरच कशा ओळखायच्या? आणि काढणी करायचीच असेल तर कुठवर?

दाताळे:
काठावरून केलेल्या यादीत नेमक्या त्याच वनस्पती सुटतात, ज्यांच्यामुळे पाणी नितळ राहतं. म्हणून काढणीचा निर्णय होण्याआधी ही नोंद व्हायलाच हवी.

साधन सोपं आहे. बागेतल्या लोखंडी दाताळ्याची दोन डोकी पाठीला पाठ लावून घट्ट जोडा. साधारण ३५ सेंटिमीटर रुंदी पुरते. एक जोडी लांब काठीला बसवा, ती दोन-अडीच मीटर पाण्यापर्यंत चालते. दुसरी जोडी वजन लावून दोराला बांधा, ती त्याहून खोल जागांसाठी. काठीवर आणि दोरावर दर ५० सेंटिमीटरला चिकटपट्टीची खूण करा. दोर नायलॉनचा घ्या. सुती दोर भिजला की आखडतो आणि खोलीची सगळी मापं चुकतात. दोराचं मोकळं टोक होडीला बांधायला विसरू नका.

आता जागा. नकाशावर ३० मीटर अंतराची चौकोनी जाळी टाका. १२ हेक्टर म्हणजे १,२०,००० चौरस मीटर, एका चौकोनाचे ९००, म्हणजे साधारण १३३ बिंदू येतील. फोनच्या जीपीएसची काही मीटरची चूक इथे चालते. चालत नाही ती एकच गोष्ट: बिंदूवर काही दिसत नाही म्हणून होडी थोडी पुढे 'चांगल्या' जागी नेणं. रिकामा बिंदू हीसुद्धा नोंद आहे.

प्रत्येक बिंदूवर आधी खोली आणि तळाचा प्रकार लिहा: वाळू, मऊ गाळ की दगड. मग दाताळं तळाला टेकवून ३० सेंटिमीटर ओढा, काठी अर्धा फेरा फिरवा आणि सरळ वर घ्या. दाताळं किती भरलं, त्या भरणीला तीन पायऱ्या द्या. दातांत मोजक्या काड्या असतील तर १. दातांच्या ओळीवर सगळीकडे वनस्पती आहेत पण दात दिसतात, तर २. दात दिसतच नाहीत, तर ३. आधी एकूण भरणीला, मग प्रत्येक जातीला वेगळी पायरी. होडीपासून दोन मीटरच्या आत नुसती दिसलेली, पण दाताळ्यात न आलेली जात 'दिसली' म्हणून निराळ्या रकान्यात.

दाताळ्याचा स्वतःचा पक्षपात असतो, तो लक्षात ठेवूनच आकडे वाचायचे. सेराटोफायलम या बुडीत वनस्पतीला मुळं नसतात आणि ती गुंतते, त्यामुळे खरी आहे त्यापेक्षा जास्त वर येते. तळाला रुजणाऱ्या वॅलिसनेरियाची पानं तुटतात आणि बुडखा खालीच राहतो. तळाला चिकटून वाढणाऱ्या बुटक्या जाती दातांखालून निसटतात, आणि लेम्नासारखी तरंगती बारीक पानं वर येईपर्यंत धुऊन जातात. म्हणून एक मीटरपेक्षा उथळ पाण्यात दर काही बिंदूंनंतर ५० × ५० सेंटिमीटरची चौकट टाकून हाताने चाचपून नोंद करा.

जाळीवरून किती ठिकाणी कोणती जात आहे ते कळतं, पण दुर्मिळ जाती तिच्यात सापडत नाहीत. त्यासाठी काठालगत नागमोडी फेरी घ्या, पाणी येतं आणि जातं त्या जागा, झाडांच्या सावलीतले कोपरे, पाणकणसाच्या आतली बाजू पाहा. नव्या जाती सापडणं थांबेपर्यंत फिरा.

हिशेब करताना छेदात सगळे बिंदू घेऊ नका. सर्वांत खोल वनस्पती ज्या खोलीवर मिळाली तिथपर्यंतचेच घ्या. समजा १३३ पैकी १०४ बिंदू त्या मर्यादेत आहेत आणि हायड्रिला ही पाण्याखाली वाढणारी जात ५२ बिंदूंवर मिळाली, तर तिची वारंवारता ५० टक्के. १३३ने भागलंत तर ३९ येईल, आणि पुढच्या वर्षी पाण्याची पातळी बदलली की दोन आकड्यांची तुलनाच करता येणार नाही.

हंगामात दोन फेऱ्या हव्यात. पोटॅमोजेटॉन क्रिस्पस ही बुडीत जात थंडीत आणि वसंतात वाढते आणि उन्हाळा सुरू होताच कडक कळ्या गाळात टाकून नाहीशी होते; उशिरा गेलात तर ती यादीत येतच नाही. नाजस आणि शिंगाडा उलट उशिरा भरात येतात.

पर्णिका:
ओळखीबद्दल. सोबत पांढरा पसरट ट्रे आणि १० पट भिंग ठेवा. नमुना नेहमी पाण्यात पसरून पाहायचा. बाहेर काढल्यावर सगळ्या नाजूक जाती एकसारख्या लोंबतात.

सर्वांत जास्त गोंधळ हायड्रिला, एलोडिया आणि एजेरिया यांचा होतो. एलोडियाच्या एका पेऱ्यावर साधारण ३ पानं असतात आणि कडा नुसत्या डोळ्यांना गुळगुळीत दिसतात. हायड्रिलाला ४ ते ८, बहुधा ५. कडेचे दात स्पष्ट दिसतात आणि पानाच्या मागच्या मध्यशिरेवर खरखर लागते. एजेरियाला बहुधा ४ पानं, जास्त लांब आणि दाट. शंका उरली तर गाळात बोटं घालून मुळांशी पाहा: अर्धा ते एक सेंटिमीटरचे कंद हायड्रिलालाच असतात, बाकी दोघींना नसतात. ही तपासणी टाळू नका, कारण कंद गाळात कित्येक वर्षं जिवंत राहतात आणि काढणीचं सगळं गणित त्यांनी बदलतं.

सेराटोफायलम, मायरिओफायलम आणि कारा यांची दुसरी गल्लत. सेराटोफायलमचं पान दुभंगत जातं, टोकांना बारीक काटे, मुळं अजिबात नाहीत. मायरिओफायलमचं पान पिसासारखं, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पर्णिका. कारा ही सपुष्प वनस्पतीच नाही, ते मोठ्या आकाराचं शैवाल आहे: हाताला चुन्यासारखं खरखरीत लागतं, चुरडलं की लसणासारखा उग्र वास येतो. तिची बहीण नायटेला गुळगुळीत असते आणि वास देत नाही.

तरंगत्या बारीक पानांत मुळं मोजा. लेम्नाच्या पानाला एक मूळ, स्पिरोडेलाला झुपका आणि खालची बाजू बहुधा जांभळट, वोल्फियाला मूळच नाही. वोल्फिया बहुधा एक मिलिमीटरहून लहान असते, ती जगातली सर्वांत लहान सपुष्प वनस्पती. हातावर हिरवा रवा लागला तर भिंगाखाली धरून पाहाच. युट्रिक्युलारिया असेल तर धाग्यांवर बारीक फुगे दिसतील. ते सापळे आहेत आणि एक मिलिसेकंदाच्या आत सूक्ष्म जीव आत ओढतात.

आणखी एक सापळा नोंद करणाऱ्यासाठी: एकाच झाडाला पाण्याखाली एक आणि पाण्यावर दुसऱ्या आकाराची पानं असू शकतात. पोटॅमोजेटॉनच्या कित्येक जाती, लिम्नोफिला, कॅबोंबा यांत हे नेहमी दिसतं. वरचं पान आणि खालचं पान दोन जाती म्हणून मोजली की यादी फुगते. अख्खं खोड एकसंध वर काढा, मगच नाव लिहा.

प्रत्येक जातीचा एक नमुना वाळवून ठेवा. ट्रेमध्ये पाणी, पाण्याखाली जाड कागद, त्यावर वनस्पती पसरवायची आणि कागद एका कडेने तिरका वर उचलायचा. वर मलमलीचा तुकडा, मग वर्तमानपत्र आणि वजन. पहिले काही दिवस कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. चिठ्ठीवर तारीख, बिंदू क्रमांक, खोली आणि तळाचा प्रकार लिहा. हे नसलेला नमुना पुढे फारसा कामाचा राहत नाही.

ओळख चुकल्याची किंमत किती मोठी असते ते साल्विनियाच्या बाबतीत दिसलं. अनेक देशांतल्या तलावांवर पसरलेली ही तरंगती नेचेवर्गीय वनस्पती आधी साल्विनिया ऑरिक्युलाटा समजली जात होती, म्हणून त्या जातीवरचा सोंडकिडा आणून सोडला गेला आणि तो फारसा उपयोगी पडला नाही. १९७२ साली तिचं साल्विनिया मोलेस्टा हे वेगळेपण मांडलं गेलं, नंतर आग्नेय ब्राझीलमध्ये तिचं मूळ ठिकाण सापडलं आणि तिथला सोंडकिडा आणला गेला. १९८० साली ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात तो सोडल्यावर पुढच्या वर्षीच तलाव जवळजवळ मोकळा झाला. किडाही आधीच्यापेक्षा वेगळ्या जातीचा निघाला.

गाळवाचक:
तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. सगळी वाढ एकदम काढणं ही या तलावासाठी सर्वांत धोकादायक गोष्ट आहे.

उथळ तलाव एकाच पोषण पातळीवर दोन अवस्थांत राहू शकतो: नितळ पाणी आणि तळाला वनस्पती, किंवा हिरवट गढूळ पाणी आणि उघडा तळ. मार्टेन शेफर आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली याची मांडणी केली आणि स्वीडनमधल्या टोकर्न आणि क्रांकेशॉन या तलावांत अवस्था अशा पालटलेल्या नोंदल्या गेल्या आहेत. प्रत्येक अवस्था स्वतःला टिकवते. वनस्पती लाटांचा जोर मोडतात, त्यामुळे गाळ ढवळला जात नाही. त्यांच्या आडोशाला पाणपिसवा (पाण्यातले सूक्ष्म प्राणी) दिवसा माशांपासून लपतात आणि रात्री बाहेर येऊन सूक्ष्म शैवाल खातात. पानांवर आणि मुळांशी असलेले जिवाणू नायट्रेटचं वायूत रूपांतर करतात. कारा आणि मायरिओफायलमसारख्या काही जाती शैवालाची वाढ रोखणारी द्रव्यंही सोडतात. वनस्पती गेल्या की हे सगळे लगाम एकाच वेळी सुटतात, आणि एकदा शैवालाने प्रकाश अडवला की गाळातून नवे कोंब येत नाहीत. परतीचा रस्ता फार चढाचा असतो: ज्या फॉस्फरस पातळीवर तलाव गढूळला, तिच्यापेक्षा बरंच खाली आल्याशिवाय तो पुन्हा नितळ होत नाही. नेदरलँड्समधल्या वेलुवेमेरमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस वनस्पती गेल्या. बाहेरून येणारा फॉस्फरस कमी केल्यावरही कारा पुन्हा पसरायला १९९०च्या आसपासचा काळ उजाडला, आणि त्यात तळ उकरणारे ब्रीम मासे कमी झाल्याचा मोठा वाटा होता.

दोन मोजमापं द्या, मग नेमकं बोलता येईल: सेकी चकतीची खोली (पाणी किती नितळ आहे त्याचं माप) आणि एकूण फॉस्फरस. चकती २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या पाव भागांची. होडीच्या सावलीच्या बाजूने, दुपारी बारा-एकच्या आसपास, डोळ्यांवर गॉगल न ठेवता सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर घेताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी लिहा. दाट वाढीच्या मधोमध मोजू नका, तिथे पानंच चकती झाकतात.

जलतरंग:
सेकी १.८ मीटर. एकूण फॉस्फरस लिटरला ६० मायक्रोग्रॅम. पाणी कठीण आहे, क्षारता चांगली. सरासरी खोली २ मीटर धरता येईल. कोणी सुचवलं की काढणीतून फॉस्फरसही बाहेर जातो, त्यामुळे उलट फायदाच होईल. आणि पाणवनस्पती खाणारा गवत्या मासा सोडण्याची सूचनाही आहे.

गाळवाचक:
६० मायक्रोग्रॅम म्हणजे तुमचा तलाव दोन्ही अवस्था शक्य असलेल्या पट्ट्यात आहे. आज नितळ आहे तो वनस्पतींमुळेच, असं धरून चाला.

प्रकाशाचा हिशेब पाहा. पृष्ठभागावरच्या प्रकाशाचा १ टक्का साधारण सेकी खोलीच्या दुप्पट ते अडीचपटीपर्यंत पोचतो, म्हणजे तुमच्याकडे ३.६ ते ४.५ मीटर. बहुतेक सपुष्प बुडीत वनस्पतींना त्याहून बराच जास्त प्रकाश लागतो, तेव्हा त्यांची सीमा ३ मीटरच्या आगेमागे सापडावी. हायड्रिला आणि कारा-नायटेला आणखी खाली जाऊ शकतात. आता सेकी ६० सेंटिमीटरवर आली तर तोच १ टक्का १.२ ते १.५ मीटरवरच संपतो. तुमची सरासरी खोली २ मीटर आहे. तळाचा बहुतेक भाग अंधारात जाईल.

फॉस्फरसचा युक्तिवाद आकड्यांत टिकत नाही. एक टन ओल्या वनस्पतीत ९२ टक्के पाणी धरलं तर कोरडा भाग ८० किलो, त्यात ०.३ टक्के फॉस्फरस म्हणजे २४० ग्रॅम. १०० टन काढले तरी २४ किलो. दुसऱ्या बाजूला गाळाचा वरचा १० सेंटिमीटर थर घ्या. चौरस मीटरला २० किलो कोरडा गाळ आणि किलोमागे १ ग्रॅम फॉस्फरस धरला तर १२ हेक्टरांत २,४०० किलो होतो. रुजलेल्या वनस्पती आपला बहुतेक फॉस्फरस त्या साठ्यातूनच उचलतात. काढणीने पाण्यातल्या शैवालाचा घास तोडला जात नाही, त्याचा स्पर्धक मात्र जातो. फॉस्फरस कमी करायचा असेल तर येणाऱ्या ओढ्याकडे पाहा.

गवत्या माशाला माझा ठाम विरोध आहे. तो आधी मऊ जाती खातो: हायड्रिला, नाजस, कारा. ज्या जाती त्याला आवडत नाहीत त्या मागे राहून फोफावतात. संख्या थोडी कमी पडली तर परिणाम दिसत नाही, थोडी जास्त झाली तर तळ साफ होतो. मधला मुक्काम साधणं फार अवघड आहे. शिवाय खाल्लेल्यातलं पोषण विष्ठेतून पाण्यातच परत येतं.

खोलपाणी:
गाळवाचक यांच्या मांडणीत एक दुरुस्ती हवी. पाणपिसवांचा आडोसा हा भाग थंड प्रदेशातल्या तलावांत जसा चालतो तसा उष्ण प्रदेशांत चालत नाही. उष्ण तलावांत लहान मासे वर्षभर असतात आणि ते स्वतःच वनस्पतींत दाटीने लपतात, त्यामुळे पाणपिसवांना तिथे फारसं संरक्षण मिळत नाही. गाळ धरून ठेवणं आणि पोषणासाठीची स्पर्धा हे परिणाम मात्र राहतात. तेव्हा उष्ण हवामानात लिटरला ६० मायक्रोग्रॅम ही पातळी आणखी नाजूक समजा.

कठीण पाण्याचा मुद्दाही महत्त्वाचा आहे, कारण कोणत्या जाती अपेक्षित आहेत ते त्यावरून ठरतं. पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. हायड्रिला, एलोडिया, कित्येक पोटॅमोजेटॉन आणि कारा बायकार्बोनेट वापरू शकतात, म्हणून कठीण पाण्यात त्यांचं राज्य असतं. मॉसला फक्त विरघळलेला कार्बन डायऑक्साइड चालतो. मऊ पाण्याच्या तलावांतल्या आयसोइटिस, लोबेलिया डॉर्टमाना यांसारख्या बुटक्या जाती तो मुळांवाटे गाळातून घेतात. त्या तुमच्या यादीत आल्या तर ओळख पुन्हा तपासा. दाट हायड्रिलात दुपारी पीएच ९च्या वर जाऊ शकतो, म्हणून पीएच आणि ऑक्सिजन दोन्ही पहाटे आणि दुपारी मोजा. पहाटेचा ऑक्सिजन लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर माशांना ताण आहेच. अशा वेळी काढणी केली आणि कापलेलं पाण्यात कुजलं तर मासे मरतात.

कारा वाळवून वजन करणार असाल तर तिच्यावरच्या चुन्याचा भाग वजा करा. कधीकधी कोरड्या वजनाचा अर्ध्याहून जास्त भाग चुनाच असतो.

दाताळे:
आता काढणीचा आराखडा. आधी जाळीच्या नोंदीवरून वल्ह्यांना अडकणारी जात कोणती आणि ती कुठे आहे ते नकाशावर रंगवा. बहुतेकदा ती एक-दोन उंच वाढणाऱ्या जातींपुरतीच असते. काराची कुरणं तळाशी बुटकी असतात, होडीला त्यांचा त्रास नसतो, त्यांना हात लावू नका.

होडीच्या मार्गांपुरते ३-४ मीटर रुंदीचे पट्टे कापा. एका हंगामात वनस्पती असलेल्या भागाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त नको. काप तळापासून ४०-५० सेंटिमीटर वर ठेवा. पातं गाळात गेलं तर फॉस्फरस ढवळतो आणि कंदही उघडे पडतात. हायड्रिला, एलोडिया, मायरिओफायलम यांचं एका पेऱ्याचा तुकडासुद्धा नवं झाड करतो, म्हणून वाऱ्याच्या खालच्या बाजूला तरंगती जाळी लावून तुकडे त्याच दिवशी गोळा करा. हायड्रिला चांगल्या परिस्थितीत दिवसाला २-३ सेंटिमीटर वाढते, त्यामुळे तेच पट्टे पुन्हा कापावे लागतील हे आधीच गृहीत धरा. कापलेला ढीग काठाशी काही तास ठेवा म्हणजे गोगलगायी आणि किडे पाण्यात परततात, मग दूर न्या. तिथेच कुजला तर रस परत तलावात उतरतो.

जलपर्णीला वेगळा नियम. ती थोडी आहे तोवर सगळी उचला, मुळांसकट, हाताने. पोषक पाण्यात ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते, तिच्या चादरीखाली प्रकाश आणि ऑक्सिजन दोन्ही घटतात आणि बिया गाळात १५-२० वर्षं टिकतात. म्हणून त्या कोपऱ्यावर दर पंधरा दिवसांनी नजर हवी.

पाणकणीस पसरत असेल तर खोड पाण्याच्या पातळीखाली कापा. मुळांकडे हवा जुन्या वाळलेल्या खोडांतूनही जाते. ती वरती उभी राहिली तर कापणीचा उपयोग होत नाही.

जलतरंग:
सगळ्यांचे आभार. पट्ट्यांचा आराखडा मांडतो. जिथे आज काहीच वाढत नाही त्या खोल भागात बियांचा साठा शिल्लक आहे का, हे कसं तपासायचं?

पर्णिका:
गाळाचा वरचा ५ सेंटिमीटर थर वेगवेगळ्या १०-१२ बिंदूंवरून घ्या. मुळं आणि कंदांचे तुकडे चाळून काढा, नाहीतर त्यांतून आलेले कोंब बियांचे समजले जातील. कंद वेगळे मोजा. गाळ ट्रेमध्ये २-३ सेंटिमीटर जाडीत पसरा. अर्ध्या ट्रेंत वर १५ सेंटिमीटर पाणी, उरलेल्या अर्ध्यांत नुसता ओला गाळ ठेवा, कारण पाणकणसासारख्या काठावरच्या जाती उघड्या ओल्या चिखलावर जास्त चांगल्या रुजतात. एका ट्रेमध्ये धुतलेली वाळू ठेवा. तिच्यात काही उगवलं तर बी पाण्यातून किंवा हवेतून येतंय हे कळेल. उजेडात पण थेट कडक उन्हापासून दूर, ६ ते ८ आठवडे. दर आठवड्याला मोजा आणि ओळखलेलं रोप काढून टाका. काराची बीजुकं गाळात दशकानुदशकं जिवंत राहू शकतात, तेव्हा खोल भागातल्या ट्रेंत तीच आधी दिसली तर आश्चर्य नाही. तशी दिसली तर त्या भागात अडचण बियांची नसून प्रकाशाची आहे.